हौद बुजवणाऱ्यांचे शहर

दिवाळीच्या पहाटे उटणे लावून बसलेल्या वाचकांपुढे वैशाखातल्या उन्हाची रडकथा लावणे अरसिकपणाचे खरे. पण उन्हाळ्यात हा विषय काढावा, तर ऐकणाऱ्याचे टाळके आधीच तापलेले असते. तेव्हा आत्ताच बोलून घेतो.

पुणे तापते त्याला सूर्य जबाबदार आहे, असा आमच्या कारभाऱ्यांचा समज दिसतो. सूर्य पेशवाईतही हाच होता! फरक एवढाच की, १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून त्याचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणले आणि पेठापेठांतून हौद ठेवले. आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. ही नुसती चैन नव्हती. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. घरात माठ ठेवणाऱ्या प्रत्येक आजीला यातले मर्म ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त नगररचनाकारांना.

मग घरोघर नळ आले आणि हौद पोरके झाले. काही सुकले, काही बुजले. पर्वतीचे तळे जाऊन तेथे सारसबाग झाली. (निदान बाग झाली, ही तळ्यातल्या गणपतीचीच कृपा!) ओढा भिंतींत कोंडला, २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्री तो लोकांच्या घरांत शिरला आणि माणसे घेऊन गेला. ऐपतदारांनी खिडकीला वातानुकूलनाचे यंत्र लावले. ते यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. उचलून गल्लीत टाकते, आणि गल्लीत भाजीवाली बसलेली असते. शेजाऱ्याच्या दारात केर लोटणाऱ्याला आपण असंस्कृत म्हणतो. याला मात्र प्रगती!

हौद म्हटला की लगेच कोणीतरी डास काढतो. कुलरच्या टाकीत आणि गच्चीवरच्या जुन्या टायरात पैदा होणारे डास बहुधा सोवळ्यातले असावेत! हौदात गप्पी मासे सोडा, पाणी हलते ठेवा. दुसरा विचारतो, प्यायला पाणी नाही, बागा कसल्या करता? पिण्याचे पाणी मागतो कोण? शुद्ध केलेले सांडपाणी आणा. त्यात कमळे लावा, काठाला वाळा लावा. आणि मुख्य म्हणजे वर झाडांची सावली हवी. उघडे, उथळ काँक्रीटचे टाके दिवसभर तापते आणि रात्री तीच ऊब परत करते. संध्याकाळी तासभर गाण्यांवर नाचणारी रंगीत कारंजी हा तमाशा आहे, गारवा नव्हे.

मुंबईच्या दमट हवेत हा उपाय तोकडा पडेल, हे मान्य. तेथे वारा आणि सावलीच खरी. पण पुणे, नागपूर, संभाजीनगर येथील कोरड्या उन्हाळ्याला तो लागू आहे. कोरियातल्या सोल शहराने ओढ्यावर बांधलेला उड्डाणरस्ता पाडून २००५ साली चंगगेचन ओढा पुन्हा उघडा केला. उन्हाळ्यात त्याच्या काठची हवा जवळच्या रस्त्यापेक्षा तीनपासून जवळजवळ सहा अंशांपर्यंत थंड भरली. ओढ्यात पाणी पंपाने आणावे लागते, म्हणून तेथेही नाके मुरडणारे आहेतच. पण त्यांनी रस्ता पाडला. आम्हांला एक हौद उपसवत नाही!

येत्या अंदाजपत्रकात रंगीत कारंज्यांचे पैसे कापा. पेठेतला एक सुकलेला हौद उपसा, भरा, भोवती कडुनिंब लावा. मे महिन्यात एक तापमापक हौदाशी, दुसरा शंभर पावलांवर टांगा, आणि दोन्ही आकडे रोज दुपारी चौकातल्या फळ्यावर लिहा. फळा आम्ही आणून देऊ.