जुन्या संगणकाचे सुटे भाग आणि ई-कचऱ्याचा हिशेब

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य चालू संगणक अडगळीच्या वाटेला लागले. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे नव्या मेमरीचे दर भडकले. त्यामुळे बंगळुरूच्या एस. पी. रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या व्यवहाराकडे निव्वळ काटकसर म्हणून पाहता येणार नाही.

अर्थात, सर्वच भाग नव्या यंत्रात चालत नाहीत. साटा जोडणीची हार्ड डिस्क, पंखे, कॅबिनेट बहुधा चालतात. डीडीआर-४ मेमरी मात्र डीडीआर-५ च्या खाचेत बसतच नाही. जुना पॉवर सप्लाय तपासल्याविना जोडणे तर धोक्याचेच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणे दुरुस्त करून विकणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकांना प्रमाणपत्राची सोय दिली. ते घेणाऱ्या उत्पादकाची पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि पुढे तिच्यातील ७५ टक्केच धरली जाते. तरतूद योग्य आहे, उशिरा आली इतकेच. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी नसलेल्या लहान दुकानदाराने वाचवलेली हार्ड डिस्क या हिशेबात कोठेच येत नाही. शिवाय नियमांचा भर संपूर्ण उपकरणावर आहे. सुटा भाग काढून दुसऱ्या यंत्रात बसवणाऱ्या कारागिराला नोंदणी करण्याचे कारण काय, याचे उत्तर मंडळानेच द्यावयास हवे.