भाचीचं विद्यापीठ का बदलायचं?

यंदाच्या रमजान ईदला महापेतल्या आमच्या दोन खोल्यांत बारा माणसं जेवायला होती. शीरखुर्मा संपायच्या आत माझ्या भाचीचं विद्यापीठ बदलूनही झालं होतं. तिला कुणी विचारलं नाही. ती आत वाट्या धूत होती.

मुलगी मराठवाड्यातल्या एका शहरात कायद्याचा पाच वर्षांचा कोर्स करते. दुसरं वर्ष संपत आलं होतं. तिचे अब्बा वारल्यापासून माझी बहीण इकडे माझ्याजवळ राहते आणि मुलगी तिकडे हॉस्टेलवर. म्हणून सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘घर मुंबईकडे आलं, आता कॉलेजही मुंबईकडे घ्या. ट्रान्सफर करून टाका.’ जणू गॅसचं कनेक्शनच आहे.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही त्यांच्याच बाजूची होते. उर्दू-मराठीची शिक्षिका असल्यामुळे घरातले सगळे फॉर्म माझ्याकडेच येतात, तसं हेही काम माझ्याकडे आलं. तीन दिवस रजा टाकून फिरले आणि माझं मत बदललं.

इकडच्या एका कॉलेजात उत्तर मिळालं, ‘जागा रिकामी झाली तर बघू, प्रवेश आटोपल्यावर या.’ तिकडच्या कॉलेजाला फोन केला तर म्हणे, ‘आधी तिकडचा होकार आणा, मग मायग्रेशन देतो.’ इकडे विचारलं, लेखी होकार देता का? ‘आधी मायग्रेशन दाखवा.’ आणि मायग्रेशन सर्टिफिकेट एकदा हातात घेतलं की जुन्या विद्यापीठातून नाव गेलं. म्हणजे एक पाय उचलायचा आणि दुसरा कुठे पडेल ते देवाला ठाऊक.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण आपल्याकडचे शिकलेले लोकही घोळ घालतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत तेरावा नियम आहे. पदवी झाली आहे म्हणून पाच वर्षांच्या कोर्सात मधूनच शिरता येत नाही, आणि मधूनच पदवी घेऊन बाहेरही पडता येत नाही, एवढंच तो सांगतो. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं ही वेगळी गोष्ट. तिथे विद्यापीठाचे स्वतःचे नियम, रिकामी जागा आणि टेबलामागच्या माणसाची मर्जी चालते. एका तुकडीत 60 मुलं, त्यातलं कुणी गळालं तर तुमचा नंबर.

आणि नंबर लागला तरी पुढे काय? कायद्याचे 20 सक्तीचे विषय आणि 4 प्रात्यक्षिकाचे पेपर देशभर ठरलेले आहेत, पण कुठला विषय कुठल्या सत्रात घ्यायचा हे विद्यापीठ ठरवतं. तिकडे करार कायदा पहिल्या वर्षी झाला असेल आणि इकडे तो तिसऱ्या वर्षी असेल, तर झालेला विषय पुन्हा समोर येतो. उलट इकडे आधीच होऊन गेलेला विषय तिच्या माथी जादा पेपर म्हणून बसतो. शिवाय नियमात प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लिहिलेली आहे. कागद सप्टेंबरपर्यंत टेबलांवरून फिरत राहिले तर ती हजेरी कुठून आणायची?

नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटची बँक आहे, म्हणजे शिकलेलं कुठेही घेऊन जा. वाचून मला आनंद झाला होता. पण त्याच धोरणाने उच्च शिक्षणासाठी जी एकच मोठी संस्था आखली, तिच्यातून वैद्यकीय आणि कायद्याचं शिक्षण वगळलेलं आहे. लोकांना हक्क शिकवणाऱ्या कोर्सातल्या मुलीलाच, स्वतःचे गुण उचलून दुसऱ्या गावी नेण्याचा हक्क नाही! याच्यावर बोललं पाहिजे. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, पण चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करायची परवानगी त्यांना मिळाली होती. 1920 ला ते परत गेले, अभ्यासही पुरा केला आणि बॅरिस्टरही झाले. शंभर वर्षांपूर्वी एक परकी संस्था माणसाची अडचण समजून घेऊ शकत होती.

पण सगळा राग विद्यापीठांवर काढून मी मोकळी होणार नाही. ईदच्या दिवशी जे बोलणं झालं त्यात करार कायदा नव्हता, हजेरी नव्हती. होतं ते इतकंच की जवान मुलगी परगावी हॉस्टेलवर राहते, लोक काय म्हणतील. ‘मुंबईचं नाव मोठं’ ही सबब नंतर सुचली. त्या मोठ्या नावाच्या विद्यापीठात 2017 साली ऑनलाइन पेपर तपासणीचा गोंधळ झाला, कायद्याचे निकाल महिनोन्‌महिने अडकले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. सनद देणारी बार कौन्सिल तर पदवी कुठल्या गावची हे बघून वेगळी सनद देत नाही. बारची परीक्षा सगळ्यांना एकच.

2014 साली आपल्याला मिळालेलं 5 टक्के आरक्षण हायकोर्टाने शिक्षणापुरतं राहू दिलं होतं, तरी अध्यादेशाची मुदत संपू दिली गेली. त्यावर आपण आजही तावातावाने बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण जी मुलगी सीईटी देऊन स्वतःच्या हिमतीवर आत पोचली, तिला बाहेर काढायला आपल्याला सरकार लागत नाही. दस्तरखान पुरतं.

मला हे का झोंबतं तेही सांगते. मला वकील व्हायचं होतं. लॉ कॉलेज लांब होतं, बी.एड.चं जवळ, आणि ‘मुलींसाठी मास्तरकीच बरी’ असं अब्बांच्या मित्रांनी ठरवलं. माझं माझ्या वर्गावर प्रेम आहे, तक्रार नाही. पण शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की अजूनही कधी कधी तो हिशेब मनात सुरू होतो.

बदलूच नये असं मी म्हणत नाही. जिथे शिकवतच नाहीत, जिथे मुलीला त्रास आहे, जिथे कॉलेजची मान्यताच धोक्यात आहे, तिथून जरूर निघावं, वर्ष गेलं तरी निघावं. बहिणीचं एकटेपणही खरं आहे, रात्री ती मुलीच्या फोनची वाट बघत बसते ते मी रोज पाहते. हॉस्टेलचा खर्चही खराच. पण एकटेपणाला उपाय ट्रेनच्या तिकिटाचा आहे, मायग्रेशनचा नाही. आणि खर्चाचं म्हणाल, तर इकडे कॉलेज मिळालं तरी रोज कोपरखैरणे गाठा, तिथून लोकल धरा, तीन तास रस्त्यात. त्या तीन तासांची किंमत कुणीच धरली नव्हती.

शेवटी मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, ‘खाला, तिकडच्या कोर्टात मी एका वकीलबाईंबरोबर बसते. पोटगीच्या केसेस येतात, आपल्यातल्या बायका दखनीत बोलतात, मी मराठीत लिहून देते. इकडे मला कोण बसवेल?’

ट्रान्सफरचा फॉर्म टीव्हीखालच्या खणात अजून कोराच आहे. पाचव्या सत्राची फी सोमवारी भरली, अर्धी मी, अर्धी बहिणीने बांगडी मोडून. मोठ्या मामूंना अजून सांगितलेलं नाही. ते हे वाचतात, म्हणजे आता कळलं असेल.