दरड समुद्रातही धावते

समुद्रतळावर दरड कोसळली तरी जागच्या जागी ढीग होऊन बसते, पाण्याचा भार आणि विरोध तिला पुढे सरकू देत नाही, असं एका अभ्यासू गृहस्थांनी नुकतंच ठासून लिहिलं आहे. केबल तुटतात त्या म्हणे भूकंपाच्या हादऱ्यानं. घाटातली दरड रस्त्यावर येऊन थांबते, एवढ्यावरून त्यांनी समुद्राचा निकाल लावून टाकला!

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तारायंत्राच्या १२ केबल तुटल्या. केंद्राजवळच्या लगेच तुटल्या, हे कबूल. पण खोल पाण्यातल्या तुटल्या त्या उताराच्या क्रमानं, एकामागून एक; शेवटची १३ तास १७ मिनिटांनी. भूकंपाची लहर तेवढं अंतर दोन-तीन मिनिटांत कापते. मग हादरा तेरा तास कुठे होता? शिवाय वरच्या उथळ भागातल्या केबल शाबूत राहिल्या. हादरा उतार पाहून केबल निवडतो काय? तुटण्याच्या वेळा नोंदलेल्या आहेत. अंतराला वेळेनं भागलं की तीव्र उतारावर ताशी साठ-सत्तर किलोमीटर आणि पुढे सपाटीवर कमी, असा वेग निघतो. त्या सपाटीवरून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत जाड कण तळाशी, बारीक वर. वाहत येऊन निवळलेला गाळच असा बसतो. १९५२ साली हा हिशेब मांडला गेला, तेव्हाच हादऱ्याची बाजू पडली. तीच आज पुन्हा उभी करायची? याच घसरणीनं उठलेल्या लाटांनी बुरिन द्वीपकल्पावर २८ माणसांचा बळी घेतला, याचं तरी भान हवं होतं.

पाण्याचा भार म्हणाल, तर तो सगळ्या बाजूंनी आणि कणांच्या फटींतही असतो. त्यानं दरड जखडत नाही. मंद उतार म्हणाल, तर नॉर्वेजवळची स्टोरेग्गा दरड सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी तशाच उतारावरून शेकडो किलोमीटर गेली.

मग पाण्याच्या विरोधाचं काय? वेगानं निघालेल्या चिखलाच्या तोंडाखाली पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पावसात गाडीचं चाक घसरावं तसा चिखल त्यावरून सरकतो. त्यातला काही पाण्यात मिसळून गढूळ प्रवाह होतो. भोवतालच्या पाण्याहून जड, म्हणून तळालगत धावणारा. वाटेतला गाळ उचलला की तो आणखी जड होतो. जानेवारी २०२० मध्ये काँगोच्या सागरी दरीतला असा प्रवाह १,१०० किलोमीटरांहून लांब गेला, पुढे जाताना त्याचा वेग वाढला आणि त्यानं इंटरनेटच्या केबल तोडल्या.

मुंबईच्या किनाऱ्यावरही अशाच केबल येतात. अरबी समुद्रात, लक्ष्मी द्रोणीच्या गाळात, सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीची नटराज दरड गाडलेली आहे. आकारमान सुमारे १९,००० घन किलोमीटर. केबलचा मार्ग आखणाऱ्यांनी या गृहस्थांचा लेख बाजूला ठेवावा आणि आधी तळाचा उतार तपासावा.