शब्दाच्या मुळाशी : प्लंडर

आज 'प्लंडर' या इंग्रजी क्रियापदाची ओळख करून घेऊ. याचा अर्थ लुटणे. पण खिसेकापूने पाकीट मारले, तर त्याला कोणी प्लंडर म्हणत नाही. सैन्य किंवा टोळी गावात शिरते आणि बळाच्या जोरावर घरेच्या घरे धुऊन नेते, तेव्हा हा शब्द येतो.

इंग्रजीत तो जर्मन भाषेतून आला. जुन्या जर्मनमध्ये 'प्लुंडर' म्हणजे घरातले साधे सामान : अंथरूण-पांघरूण, कपडेलत्ते, चीजवस्तू. आजच्या जर्मनमध्ये अडगळीला हाच शब्द आहे. म्हणजे प्लंडर करणे याचा मूळ अर्थ कोणाच्या तरी घरातला हा संसार उचलून नेणे.

1618 ते 1648 या काळात जर्मन भूमीवर 'तीस वर्षांचे युद्ध' चालले. फौजांना पगार वेळेवर मिळत नसे, म्हणून त्या वाटेतल्या खेड्यांवरच जगत. गरीब शेतकऱ्याकडे सोनेनाणे कुठले? मग हाताला लागेल ते न्यायचे, अगदी पांघरूणसुद्धा. इंग्रज आणि स्कॉटिश सैनिकही या युद्धात लढले होते. त्या काळात हा शब्द इंग्रजीत शिरला.

1642 साली इंग्लंडमध्येच राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली आणि हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट याच्या घोडदळाशी तो विशेष जोडला गेला. थॉमस मे या इतिहासकाराने 1647 साली तशी नोंदही केली आहे.

अशीच गोष्ट 'रोब' म्हणजे झग्याची. हा शब्द आणि चोरी-दरोड्याचा 'रॉब' एकाच मुळाचे. लुटीत मिळालेले कपडे, त्यावरून झगा! इंग्रजीतला 'लूट' तर आपल्याकडूनच गेला, हे तुम्ही ओळखलेच असेल.

आता जंगले, खाणी, सरकारी तिजोरी लुटली तरी बातम्यांत 'प्लंडर' लिहितात. पुढच्या वेळी तो वाचाल, तेव्हा आकड्यांबरोबर एवढेही विचारा : यात कोणाच्या घरातले अंथरूण-पांघरूण गेले?