खिडकी काढण्याआधी

मंगरूळपीरसारख्या गावात जुन्या घराची डागडुजी निघाली, की पहिली गदा सागवानी खिडकीवर येते. तिच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसते. ही घाई महागात पडते, असे आम्हाला वाटते, म्हणून हा अंक जुन्या लाकडी खिडक्यांचा.

वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. दोन झडपांची खिडकी संध्याकाळी सताड उघडते आणि दुपारी लावली की ऊन बाहेरच अडते. सरकती खिडकी जेमतेम निम्मी उघडते, वर काच ऊन आत घेते. वाळवीचे काय, असे कोणी विचारेल. पिकलेल्या सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, लागते ती कडेच्या पांढुरक्या लाकडाला. कुजतो बहुधा चौकटीचा खालचा भाग, जिथे पावसाचे पाणी मुरते. तिथे दाभण टोचून पाहा: रुतला नाही तर लाकूड शाबूत, रुतला तर तेवढा तुकडा कापून नवा सांधता येतो. डासांसाठी आतून जाळीची चौकट बसते. सुताराची मजुरी लागते, हे कबूल. आणि चौकटच पोकळ झाली असेल तर हट्ट धरू नये. तरी तसा जुना साग आज विकत घेऊन पाहा!

आपण खिडकी राखली की बदलली, खर्च किती आला, हे आम्हाला जरूर कळवा.