प्रबंधाचा विषय निपाणीत



आपल्या बेळगाव-निपाणीकडची मुलं आता मानवी हक्क विषयात एम.ए., एलएल.एम. करू लागली आहेत. प्रबंधासाठी 'विकसनशील देशांतील हक्क' असं निघालं, की नकाशावर बोट थेट आफ्रिकेत जातं. मी म्हणते, आधी निपाणीची एसटी पकडा.

तिथे बायका मांडीवर सूप घेऊन घरीच बिड्या वळतात. मजुरी हजारावर. नापास म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले, तर दाद कुठे मागायची? 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं आणि कलम 39 मध्ये नेमका हाच वाद सोडवायची सोय केली. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार आला 1996 साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी! (त्याला भारताची मान्यता नाही, ते वेगळंच.) 2020 च्या श्रम संहितेने जुना कायदा पोटात घेतला. त्यातलं सुपापर्यंत काय पोचतं, हे कोणीतरी दारोदार जाऊन विचारायला हवं.

इथे आपली मुलं उपयोगी पडतील. बाईचं गाऱ्हाणं मराठीत, कचेरीचा कागद कन्नडमध्ये. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणं मराठीतही देता येतं. उत्तर मराठीत मिळेल, असं मात्र ते कलम म्हणत नाही.

जाल तेव्हा प्रश्नावली मराठीत न्या. आणि वळणारे हात थांबवू नका, तुमच्याशी बोलण्यात गेलेला वेळ तिच्या मजुरीतून जातो.