तालुक्याच्या वार्ताहराचं पावतीपुस्तक

माझ्या वाचकांना माझी सवय ठाऊक आहे. मी वृत्तपत्र मागून वाचतो, जिल्ह्याचं पान आधी आणि दिल्ली सगळ्यात शेवटी. या आठवड्यात त्याच पानाने डोकं तापवलं. दोन वेगवेगळ्या मालकांच्या वृत्तपत्रांत एकाच स्थानिक पुढाऱ्याच्या विकासकामांचं कौतुक छापून आलं होतं. मथळे निराळे, वार्ताहरांची नावं निराळी, आतला मजकूर मात्र स्वल्पविरामासकट तोच. ‘जाहिरात’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पैशांची देवघेव झाली की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण दोन माणसांना एकाच दिवशी तीच वाक्यं त्याच क्रमाने सुचत नाहीत, आणि वाचकाला यातलं काही कळणार नाही असं धरून चालणं हा वाचकाचा अपमान आहे.

महाराष्ट्राने हे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिलं आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा असाच सारखा मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. चव्हाणांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. निवडणूक आयोगाने २०१४ च्या जुलैत त्यांच्या हिशेबावर ठपका ठेवला, सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. मधल्या काळात प्रेस कौन्सिलने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या आपल्या सदस्यांकडून ७१ पानी अहवाल करून घेतला आणि २०१० मध्ये त्याचा फक्त गोषवारा प्रसिद्ध केला. नावानिशी लिहिलेला पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर. पैसे घेऊन बातमी छापणं हा निवडणूक गुन्हा ठरवा, असं निवडणूक आयोग सांगत आला, २०१५ मध्ये विधी आयोगानेही तेच म्हटलं. कायदा झाला नाही.

पुढे मी प्रेस कौन्सिलच्या अधिकारांवर लिहिणार होतो. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद द्यायचा आणि निषेध नोंदवायचा अधिकार आहे, दंड करायचा नाही, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. पण या आठवड्यातल्या त्या कौतुकाच्या मजकुराखालची दोन वार्ताहरांची नावं मी पुन्हा वाचली आणि राग भलत्या माणसांवर निघतोय हे जाणवलं. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे कोण, तो कशावर जगतो, हे शहरातल्या वाचकाला बहुधा माहीतच नसतं. माध्यमांच्या पक्षपातावर पुण्या-मुंबईत परिसंवाद होतात, त्यांत मालक असतात, संपादक असतात, निवृत्त न्यायमूर्ती असतात. हा माणूस कधी नसतो.

मराठवाड्यातला असा एक तरुण मला ‘काका’ म्हणतो. महिन्याला त्याला जे मानधन मिळतं त्यात त्याच्या मोटारसायकलचं पेट्रोलही भागत नाही. ओळखपत्र आहे, नेमणूकपत्र नाही. बातम्या तो पाठवतो, फोटो तोच काढतो, पहाटे अंकाचे गठ्ठे तोच उतरवून घेतो, कारण अंकाची एजन्सीही त्याच्याच नावावर आहे. आणि या सगळ्याच्या वर जाहिराती. पंधरा ऑगस्टची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, वर्धापनदिनाची पुरवणी, आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी. प्रत्येक पुरवणीला तालुक्याचं टार्गेट ठरलेलं असतं आणि घर चालतं ते त्यातल्या कमिशनवर. जाहिरात छापून आली आणि जाहिरातदाराने पैसे थकवले, तर ते याच्या खात्यावर चढतात. मी त्याला विचारलं, ‘अरे, मग तू वार्ताहर की वसुलीदार?’ तो म्हणाला, ‘काका, ऑफिसचा फोन येतो ना, तो बातमीसाठी क्वचितच येतो.’

आता त्याच्या तालुक्यात जाहिरात देऊ शकणारी माणसं मोजा. साखर कारखान्याचे चेअरमन, पतसंस्थेचे अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचे संस्थाचालक, रस्त्यांची कामं घेणारे दोन-तीन ठेकेदार, बाजार समितीचे सभापती, आमदार. तालुक्यात बातमी व्हावी अशा ज्या गोष्टी घडतात, त्या नव्वद टक्के याच मंडळींच्या दारात घडतात. ऊसबिल थकलं, ठेवी अडकल्या, शिक्षकभरतीत पैसे मागितले, नळयोजनेची टाकी कागदावरच बांधली. या प्रत्येक बातमीच्या टोकाला त्याचा एकेक जाहिरातदार उभा आहे. अशा ठिकाणी बातमी दाबायला कुणी धमकी द्यावी लागत नाही. ती लिहिलीच जात नाही. त्या तरुणाला नळयोजनेचं सगळं माहीत होतं. कागद त्याच्या फोनमध्ये होते, मला दाखवलेही. ते काम घेतलेल्या ठेकेदाराची पानभर शुभेच्छा जाहिरात त्याच आठवड्यात यायची होती.

मी त्याला भित्रा म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. राजापूरचे शशिकांत वारिशे याच थरातले पत्रकार. बारसूच्या नियोजित रिफायनरीला असलेल्या विरोधाच्या बातम्या ते देत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दल त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. ज्या माणसाला आपण जेमतेम पेट्रोलचे पैसे देतो, त्याच्याकडून आपण एवढ्या धैर्याची अपेक्षा करतो आणि त्याने ते दाखवलं की श्रद्धांजलीची सभा घेतो. मला हे सहन होत नाही.

श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली जो कायदा झाला, त्याने पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असलेला नोकरदार डोळ्यांसमोर ठेवला. पुढचे वेतन आयोगही, अगदी मजिठिया आयोगापर्यंत, त्याच्याचसाठी. तालुक्याच्या माणसाला कुणी नोकरदार मानतच नाही, मग वेतनश्रेणी कुठली? त्याचं दुकान असतं, थोडी शेती असते, आणि त्याचाच आधार घेऊन सांगितलं जातं की हा हौसेने लिहितो. सहा जानेवारीला, पत्रकार दिनी, ‘दर्पण’ आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या आठवणीत, त्याला शाल-श्रीफळ मिळतं. ते बहुतेक ठिकाणी त्याच आमदारांच्या किंवा चेअरमनच्या हस्ते.

मागे मी वाहिन्यांच्या रात्रीच्या आरडाओरड्यावर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच वाचकांनी कडक कायद्याची मागणी केली. मला सरकारच्या हातात नवी काठी द्यायची भीती वाटते. आणीबाणीत पहिली प्रेस कौन्सिलच मोडीत काढली गेली, हे माझ्या पिढीने पाहिलंय. शिवाय वर सांगितलेल्या दुखण्यावर आचारसंहितेचा उपयोगच नाही. आचारसंहिता छापलेल्या मजकुराला लागते, न लिहिलेल्या बातमीला ती कुठून लागणार?

या दुखण्याचा उपाय त्या ७१ पानांत आहे. वार्ताहरांनाच जाहिराती गोळा करायला लावून, मानधनाऐवजी कमिशनवर ठेवण्याची पद्धत वृत्तपत्रांनी बंद करावी, अशी शिफारस त्यात स्वच्छ शब्दांत आहे. पैसे घेऊन छापलेल्या बातमीवर बोलताना २००९ पासून आपण उमेदवारांची नावं घेतली, वृत्तपत्रांची घेतली, या शिफारशीवर मात्र मी एकही परिसंवाद ऐकलेला नाही.

हे करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. जाहिरातीसाठी तालुक्याला वेगळा माणूस नेमा. दोन तालुक्यांना मिळून एक नेमलात तरी चालेल. वार्ताहराला नेमणूकपत्र द्या, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मानधन द्या, थकलेल्या जाहिरातीचे पैसे त्याच्या खात्यावर टाकणं आजच थांबवा. आणि जिल्हा आवृत्तीच्या पानावर, जिथे मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापता, तिथेच एक ओळ वाढवा की आमच्या वार्ताहरांकडे जाहिरातीचं काम नाही. जो मालक ही ओळ आधी छापेल, त्याचा अंक मी उद्यापासून लावीन आणि त्याचं नाव याच सदरात लिहीन.